आबांची जीप टोचन करून आणली तेव्हा

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शिंदखेड्याचं घर सोडायला एकच अट घातली होती. "गाडी येई तर मी येसू. नहीतर मी आठेच बरा शे." म्हणजे नाहीतर इथेच बरा आहे मी.

गाडी म्हणजे त्यांची जुनी फोर बाय फोर जीप. तिचं इंजिन जाम होऊन चार वर्षं झाली होती. घरासमोरच्या निंबाखाली ती उभी असायची. टपावर निंबोळ्यांचा थर, मागच्या सीटवर शेजारणीच्या कोंबडीची अंडी. आई गेल्यापासून आबा एकटे राहत होते आणि दोनदा चक्कर येऊन पडले होते. दुसऱ्या खेपेला शेजाऱ्यांनी कडी तोडून त्यांना बाहेर काढलं. मी जळगावला पिंप्राळ्यात राहतो. दर रविवारी जाऊन मी त्यांच्या विनवण्या करायचो, आणि दर रविवारी ते सगळं शांतपणे ऐकून घेऊन शेवटी जीपकडे हनुवटी उडवायचे. माझं डोकं फिरायचं. परतीच्या एसटीत मी अमळनेर येईपर्यंत कुणाशी बोलायचो नाही.

तीस वर्षं त्यांनी ती जीप चालवली. शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांना, बाजाराची माणसं, बाळंतिणी, बकऱ्या, साखरपुड्याचे पाहुणे, सगळं त्यांनी वाहिलं. उतारावर ब्रेकला पाय न लावता नुसत्या गिअरवर गाडी तोलून खाली आणायची, ही त्यांची ख्याती. ब्रेक तापला की दगा देतो, गिअर देत नाही, असं ते सांगायचे. आणि घरी कुणीही येवो, पहिला चहा संपायच्या आत एक वाक्य ठरलेलं: "तीस वरीसमा एकदाव बी गिअरबॉक्स खोला नही." ते खरंही होतं.

मला मात्र त्यांनी ती कधी चालवू दिली नाही. गल्लीतल्या दोघाचौघांना शिकवली, मला नाही. सोळाव्या वर्षी मी एकदा हट्ट धरला तेव्हा म्हणाले, "तुना हात जड शे." तेवढंच. आज माझा हात नशिराबादच्या हायवेवरच्या वर्कशॉपमध्ये पत्र्याला पत्रा असा जोडतो की सांधा शोधावा लागतो. लांबून लोक ट्रॉल्यांचे हूक माझ्याच हातचे हवेत म्हणून येतात. पण त्या एका वाक्याचा सल काही गेला नाही. पन्नाशीला टेकलो तरी गेला नाही, हे कबूल करायला लाज वाटते, पण तसं आहे.

वर्कशॉप ज्यांचं आहे त्यांना आम्ही सगळे चाचा म्हणतो. माझ्या हाताला वळण लावलं ते त्यांनीच. जीपचं सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "इंजन का मैं देख लूंगा. बस गिअरबॉक्स को कुछ नहीं होना चाहिए. इस मॉडल का सामान अब मिलता नहीं." म्हणजे आशेला जागा होती. इंजिन बसवलं तर गाडी सुरू होईल. गाडी सुरू झाली तर आबा पिंप्राळ्यात रमतील. आणि मनातल्या मनात मी आणखी एक पायरी चढलो होतो: सुरू झालेली गाडी कुणीतरी चालवावी लागेल, आणि आबांचे डोळे आता अधू झालेत.

ट्रकवर चढवून आणू, असं मी सुचवलं तर आबा भडकले. "ट्रकवर भंगार जास. मनी गाडी चाकवर जाई." मग चाकांवर तर चाकांवर.

आपल्याकडे बंद गाडी ओढून न्यायची म्हणजे टोचन, आणि टोचन म्हणजे एक नायलॉनचा दोर, दोन गाठी आणि देवाचं नाव. पुढचा ब्रेक मारतो, मागचा त्याच्या डिकीत जाऊन बसतो. मला त्या दोराचा मनस्वी राग आहे. मी जाड पाइपचा त्रिकोणी दांडा बनवला. टोक पुढच्या गाडीच्या, म्हणजे वर्कशॉपच्या पिकअपच्या, हूकला, दोन पाय जीपला. पाय बंपरला नाही बांधले, बंपर नुसता दिखाऊ असतो. सरळ चेसिसला जाड पट्ट्या बोल्टने आवळल्या. असा दांडा असला की मागची गाडी पुढचीला धडकत नाही आणि तिची चाकं पुढच्या गाडीच्या मागोमाग आपोआप वळतात, आत कुणी बसायची गरज नाही. दांडा तुटलाच तर म्हणून खालून दोन साखळ्या, एकमेकींवरून तिरप्या. चाकांच्या बेअरिंगला नवं ग्रीस. टायर चाचांच्या ओळखीतून मागून आणलेले. मागचे दिवे पेटावेत म्हणून पिकअपपासून जीपच्या शेपटापर्यंत वायरिंग. हे सगळं शिंदखेड्याला जाऊन दोन दिवसांत बसवलं. प्रत्येक गोष्टीचा फोटो चाचांना पाठवला आणि त्यांनी प्रत्येकाला ठीक म्हणून अंगठ्याची खूण पाठवली.

राहिला गिअरबॉक्स. असल्या जीपला दोन लिव्हर असतात. मोठा नेहमीच्या गिअरचा, आणि शेजारचा छोटा चारही चाकांकडे ताकद सोडायचा. छोटा बरोबर मधे ठेवला की चाकं मोकळी फिरतात आणि गिअरबॉक्सला त्याचा पत्ता लागत नाही. पण मोठा चार वर्षं गिअरमध्येच अडकलेला, म्हणून धावत्या गाडीत छोटा मधून हलला तर जाम इंजिन आणि फिरती चाकं यांच्यामध्ये गिअरचे दात सापडतात. खरी सुरक्षित रीत म्हणजे चाकांकडे जाणारे दोन्ही शाफ्टच खाली उतरवून ठेवायचे. मग लिव्हरशी कुणी काहीही करो. चाचांनी फोनवर तेच सांगितलं होतं: "शाफ्ट उतार दे, बेटा." मी पाना घेऊन खाली शिरलोही. बोल्ट गंजून दगड झाले होते. वरून आबा म्हणाले, "दारसे तिले उघाडी करू नको." म्हणजे दारात तिला उघडी करू नकोस. आवाज असा, की जणू मी कुणाचं लुगडं फेडतोय. मी पाना ठेवून दिला.

ही चूक माझी. पुढे जे झालं त्यात दुसऱ्या कुणाचा काय वाटा ते सांगतोच, पण ही माझी.

शाफ्टऐवजी मी छोटा लिव्हर मधे आणला आणि बांधायच्या वायरने सीटच्या पायाशी घट्ट बांधला. दोन पीळ, पकडीने टोक दाबलेलं, आणि कुणाचा चुकून हात जाऊ नये म्हणून त्यात लाल कापडाची चिंधी. त्याचा तेवढा फोटो काढायचा राहिला.

निघायच्या सकाळी आबा धुतलेली बंडी घालून आले. दांड्याला हळदकुंकू लावलं, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं आणि सरळ जीपचं दार उघडून स्टिअरिंगवर बसले. मी म्हटलं, "आबा, इकडे पिकअपमध्ये या, माझ्या शेजारी. तिथं कुणी बसायचं नसतं." त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "रिकामी गाडी वढू नही. ती काय मढं शे?"

आमच्या खानदेशातल्या जुन्या ड्रायव्हर लोकांचा हा रिवाज आहे. दोराच्या टोचनला मागच्या गाडीत माणूस लागायचाच, ब्रेक मारायला. दोराची गरज गेली तरी रिवाज राहिला, आणि त्यात मढ्याची भर पडली. मी पाऊण तास हुज्जत घातली. शेजारची दोन म्हातारी माणसं येऊन आबांच्या बाजूने बोलून गेली. शेवटी मी हात टेकले. म्हटलं, बसा, पण तीन गोष्टी ऐका. स्टिअरिंग घट्ट धरायचं नाही, ते आपोआप वळेल. ब्रेक लागत नाही, त्याच्या भरवशावर राहायचं नाही. आणि ही लाल चिंधी बांधलीय, तिला हात लावायचा नाही.

"इले उतारवर रेटा येस," आबा म्हणाले. "मी वयखस इले." म्हणजे मी ओळखतो हिला.

"रेटा आला तरी दांडा धरेल, आबा. मी बनवलाय."

त्यावर त्यांनी खिडकीत कोपर टेकवलं आणि समोर बघितलं. हा होकार, असं मी समजलो.

एरंडोलपर्यंतचा प्रवास सांगायला मला आजही बरं वाटतं. मी पिकअप चालवत होतो, हळूहळू, कडेकडेने. आरशात जीपची काच दिसत होती आणि काचेमागे आबा. स्टिअरिंगवर हात नुसते टेकवलेले, पण वळण आलं की खांदा झुकायचा. समोरून एसटी आली की ते एक बोट वर करायचे आणि ड्रायव्हरही उलट बोट करायचा. आई गेल्यावर मी त्यांना इतकं ताठ बसलेलं पाहिलं नव्हतं. एका हॉर्नवाल्या ट्रकला त्यांनी खिडकीतून हात काढून थांब म्हणून खूण केली आणि तो थांबलाही. मला हसू आवरेना. पारोळ्याच्या अलीकडे तर मी चक्क गुणगुणत होतो, आणि माझा गळा तसा नाही.

एरंडोलला चहाला थांबलो. मी उतरून पिना, साखळ्या, टायर तपासले, हात फिरवून बेअरिंग तापलंय का पाहिलं. आबा खाली उतरले नाहीत, त्यांचा चहा मी खिडकीतून दिला. म्हटलं, "कशी चाललीय?" म्हणाले, "चाली ऱ्हायनी. बरी चाली ऱ्हायनी." माझ्या कामाला त्यांनी बरं म्हटलेलं आयुष्यात तेवढंच. टपरीवाल्याकडे कप परत करायला मी गेलो, सुटे नव्हते म्हणून तिथं थोडा रेंगाळलो आणि परत येऊन निघालो. आत डोकावून पाहिलं नाही.

जळगाव जवळ आलं की बांभोरीला रस्ता गिरणेच्या पुलाकडे उतरतो. उतार फार मोठा नाही, सायकलवालाही पाय न मारता उतरेल असा. जीपने मागून रेटा दिला, तो मला सीटमध्ये जाणवला. दांड्याने तो नीट पेलला. मी वेग कमी केला आणि तेवढ्यात मागून आवाज आला. दगडाच्या चक्कीत लोखंड घातल्यासारखा. पिकअपला एक हिसका बसला, जीपची मागची चाकं घासत आली, धूर निघाला, मग आतून काहीतरी फुटलं आणि चाकं पुन्हा मोकळी झाली. दांडा जागेवर होता. साखळ्या जागेवर होत्या. मी कडेला थांबलो तेव्हा रस्त्यावर काळ्या तेलाची रेघ उमटली होती, लांबपर्यंत.

आबांना खरचटलंसुद्धा नव्हतं. हे देवाचे उपकार, असं तेव्हा म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही. मी धावत जाऊन दार उघडलं तर छोटा लिव्हर मागे पडलेला, सीटच्या पायाशी वायर नाही, चिंधी नाही. आबा समोर पुलाकडे बघत होते.

"तुनी लिव्हर बांधा नही," ते म्हणाले.

मी म्हटलं, "बांधला होता."

"नही बांधा. कुदना तो."

त्यांचा आवाज इतका ठाम होता की मी पुन्हा सीटखाली वायर शोधायला वाकलो. नशिराबादला पोचल्यावर चाचांनी खाली वाकून पाहिलं आणि बराच वेळ वर आले नाहीत. आवरण तडकलं होतं, आतले दात भुगा झाले होते. त्यांनी फक्त विचारलं, "बांधा था ना?" मी हो म्हटलं. मग म्हटलं, हो, बहुतेक. आणि त्या बहुतेकवर मी तीन रात्री नीट झोपलो नाही. दोन पीळ दिल्याचं आठवत होतं, पण मी रोजच कशाला ना कशाला दोन पीळ देतो. शेवटी मी स्वतःलाच म्हणायला लागलो की हात जड तर जड, डोकंही जड झालंय तुझं.

ठरल्याप्रमाणे आबा पिंप्राळ्यातच राहिले. शब्दाचे पक्के. चौथ्या दिवशी बायको कपडे धुवायला घेत होती. आबांच्या बंडीचा खिसा उलटा केला आणि मला हाक मारली, "हे तुमचं का हो?"

ती वायर होती. मधे लाल चिंधी, टोकाला माझ्या पकडीचा दाब. पण मला बधिर करून गेलं ते वेगळंच. घाईत, घाबरून ओरबाडलेली वायर वाकडीतिकडी होते. ही नीट सरळ केलेली होती आणि बोटाभोवती गुंडाळून तिचं छान वेटोळं केलेलं होतं. आबा वायर कधी फेकत नाहीत, कामास येते म्हणून ठेवतात. म्हणजे ती उतारावर सुटली नव्हती. एरंडोलला, मी कप द्यायला गेलो तेव्हा, त्यांनी ती सावकाश सोडली होती. चहा पिऊन झाल्यावर, बरी चाललीय म्हणाल्यावर. माझा दांडा, माझ्या साखळ्या, माझा शब्द, यातल्या कशावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. उतार आला की गाडी आपण गिअरवर तोलू, असं त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. तीस वर्षं तोललीच होती की.

मला संताप आला. वायर घेऊन मी पुढच्या खोलीत गेलो. तिथे शेजारचे एक नाना बसले होते आणि आबा त्यांना सांगत होते, "पोऱ्या मना चांगला शे. पन गाडीनं त्याले समजत नही. लिव्हर बांधाले इसरी गया." नाना माझ्याकडे बघून समजूतदारपणे हसले. मी मूठ उघडणार होतो. देवाशपथ उघडणार होतो. तेवढ्यात आबा ठरल्याप्रमाणे म्हणाले, "तीस वरीसमा एकदाव बी गिअरबॉक्स खोला नही," आणि या वेळी ते नानांकडे न बघता चहाच्या कपात बघत म्हणाले.

त्यांच्याकडे तेवढंच उरलं होतं. बायको नाही, घर नाही, गाडी नाही, डोळे नाहीत, फक्त ते एक वाक्य. मी मूठ तशीच खिशात घातली. म्हटलं, "हो नाना, विसरलो मी." त्यानंतर जो येईल त्याला आबा हेच सांगत आलेत आणि मी शेजारी उभा राहून मान हलवत आलोय. आता तर वर्कशॉपमध्येही थट्टा होते, की याच्याकडून हूक घ्या पण गाठ बांधून घेऊ नका. लागतं ते. खोटं कशाला बोलू?

चाचांनी धुळे पालथं घातलं, मालेगावचे जुन्या सामानाचे बाजार पालथे घातले. तो गिअरबॉक्स मिळाला नाही. रोज संध्याकाळी आबा विचारायचे, "भेटना का?" मी नाही म्हणायचो. मग त्यांनी विचारणं सोडलं, आणि ते मला जास्त जड गेलं. एका सकाळी दाढी करता करता आरशातच बघून म्हणाले, "इकी टाक."

भंगारवाला ट्रक घेऊन आला. आबा वर्कशॉपच्या फाटकाशी काठी टेकून उभे होते. त्यांनी ट्रककडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "चाकवर जाऊ दे." भंगारवाल्याचं आवार तिथून जवळच होतं. मी कोपऱ्यातून तो त्रिकोणी दांडा काढला. पुन्हा चेसिसला पट्ट्या, पुन्हा पिना, पुन्हा साखळ्या तिरप्या. या वेळी खाली शिरून दोन्ही शाफ्टही उतरवले. गंजलेले बोल्ट घाव घालून तोडले, आता त्यांचं कुणालाच काही नव्हतं. चाचा पिकअपमध्ये जाऊन बसले.

"लिव्हर बांध," मागून आबा म्हणाले.

फुटलेल्या गिअरबॉक्सचा लिव्हर बांधून काय होणार होतं? तरी मी खिशात हात घातला. ती वायर तेव्हापासून माझ्याच खिशात होती, या पँटमधून त्या पँटमध्ये. मी वेटोळं सोडलं, लिव्हर मधे आणला, सीटच्या पायाशी बांधला, दोन पीळ दिले, लाल चिंधी वर येईल अशी फिरवली. आबा दारापाशी येऊन उभे होते. त्यांनी चिंधीकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. मी उठलो आणि त्यांच्यासाठी दार धरून उभा राहिलो. म्हटलं, "बसा, आबा."

ते एक पाऊल पुढे सरकले. मग त्यांनी काठीने सीटवरची धूळ झटकली.

"रिकामी गाडी वढू नही," ते म्हणाले. "तू बस."

मी बसलो. आयुष्यात पहिल्यांदा. चाचांनी पिकअप हळूच पुढे घेतली, आणि माझ्यासमोर स्टिअरिंग आपोआप वळायला लागलं.